टोइंगसाठी डिझेल पिकअप घेताना ॲक्सल रेशो: ३.४२, ३.७३ की ४.१०?

अमेरिकेत हेवी-ड्युटी डिझेल पिकअप मागवताना लोक रंग, सीट आणि स्क्रीनवर तासभर घालवतात आणि ॲक्सल रेशोच्या (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट किती फिरतो त्या प्रमाणाच्या) ओळीवर डीलरने जे टिक केलं असेल ते मान्य करून मोकळे होतात. रंग नंतर बदलता येतो. रेशो बदलायचा म्हणजे फोर बाय फोरमध्ये पुढचं आणि मागचं, दोन्ही हाउसिंग उघडावी लागतात. म्हणून हे परीक्षण ट्रकचं नाही, त्या एका ओळीतल्या पर्यायांचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. सहा गियरचा, म्हणजे २०२४ पर्यंतचा रॅम आणि बारा ते सोळा हजार पौंडांचा ट्रेलर असेल तर ३.७३. ट्रेलर वीस हजारांच्या पुढे, मागे ड्युअल चाकं, किंवा ३५ इंचांहून मोठे टायर असतील तर ४.१०. सहा गियरमध्ये ३.४२ वाईट नाही, पण तो ज्यांना विकला जातो त्यातल्या बऱ्याच जणांना तो कसा चालवायचा हे कोणी सांगत नाही. दहा गियरच्या फोर्डमध्ये ३.५५ घ्या आणि झोपा. जीएमच्या डिझेलवाल्यांना तर वादच उरलेला नाही: २०२० पासून ड्युरामॅक्सबरोबर (जीएमच्या डिझेल इंजिनाबरोबर) ३.४२ हाच एक रेशो येतो, आणि त्याआधी २००१ ते २०१९ पर्यंत ३.७३ हाच एक होता.

आता यामागचा हिशेब.

४.१० म्हणजे चाकाचा एक फेरा होताना प्रोपेलर शाफ्टचे ४.१० फेरे होतात. ॲक्सलमधल्या मोठ्या क्राउनला ४१ दात आणि त्याला फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकावरच्या छोट्या पिनियनला १० दात. तोच ४१ दातांचा क्राउन ११ दातांच्या पिनियनबरोबर लावला की ३.७३ होतो आणि १२ दातांच्या पिनियनबरोबर ३.४२. एकाच गियरमध्ये ३.४२ वरून ३.७३ वर गेलात तर चाकावरचा जोर ९ टक्के वाढतो, ३.७३ वरून ४.१० वर सुमारे १० टक्के आणि थेट ३.४२ वरून ४.१० वर जवळजवळ २० टक्के. जाहिरातीत आणि गप्पांत फिरतो तो हाच वीस टक्क्यांचा आकडा. पण 'एकाच गियरमध्ये' ही अट विसरली जाते, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन एका गियरमध्ये बसून राहत नाही. ३.४२ चा ट्रक पाचव्यात चालेल तेव्हा ४.१० चा सहाव्यात चालेल, आणि चाकावर पोचणारा जोर जवळपास सारखाच असेल.

म्हणून रेशो निवडताना एकच सूत्र हाताशी ठेवा: वेग मैलांत × ॲक्सल रेशो × गियरचा रेशो × ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. उत्तर येतं इंजिनचे आरपीएम, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनमधला तेलाचा जोड) लॉक असताना. भाराखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा दोन-तीन टक्के जास्त दिसेल. तेवढं सोडून द्या.

रॅमच्या ६८आरएफई ट्रान्समिशनचे गियर असे आहेत: पहिला ३.२३, दुसरा १.८४, तिसरा १.४१, चौथा १.००, पाचवा ०.८१६, सहावा ०.६२५. टायर २७५/७०आर१८ धरू, व्यास साधारण ३३.२ इंच. ताशी ६५ मैलांना सहाव्या गियरमध्ये ३.४२ ला १४०६ आरपीएम, ३.७३ ला १५३३, ४.१० ला १६८६. पाचव्यात तेच आकडे १८३६, २००२ आणि २२०१. चौथ्यात २२५०, २४५४ आणि २६९७.

हे नऊ आकडे इंजिनाच्या शेजारी ठेवून वाचा. रॅममधल्या २०१९ ते २०२४ च्या ६.७ लिटर कमिन्स डिझेलच्या साध्या आवृत्तीचा ८५० पाउंड-फूट टॉर्क १७०० आरपीएमला मिळतो आणि ३७० अश्वशक्ती २८०० ला. ३.४२ सहाव्या गियरमध्ये टॉर्कच्या शिखरापासून तीनशे आरपीएम खाली आहे. मागे बारा हजार पौंडांचा उंच फिफ्थ-व्हील (ट्रकच्या मागच्या पेटीत जोडला जाणारा ट्रेलर) असेल आणि समोरून वारा लागला, तर सपाट रस्त्यावरही ट्रान्समिशन पाचव्यात येतं, वारा पडला की सहाव्यात जातं, पुन्हा पाचव्यात. या वर-खालीने तेल तापतं आणि चालवणारा वैतागतो. पण त्याच ट्रकला पाचव्यात अडकवून ठेवलंत तर १८३६, म्हणजे शिखराला जवळजवळ चिकटून. ३.४२ घेणाऱ्याने टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची ट्रान्समिशनची सेटिंग) लावावा, सहावा गियर बटणाने बंद करावा आणि पाचव्यात निवांत जावं. ट्रेलर नसेल तेव्हा सहावा आहेच, आणि रिकाम्या ट्रकला १४०० आरपीएम पुष्कळ होतात.

४.१० चं उलटं आहे. सहाव्यात १६८६, भाराला अगदी योग्य, आणि चढ आला की पाचव्यात २२०१. पण ट्रेलरविना ताशी ७५ मैलांनी टेक्सासच्या हायवेवर गेलात तर १९४५ आरपीएम; ३.४२ ला तिथेच १६२२. वर्षातला बहुतांश प्रवास रिकामा होत असेल तर हे सव्वातीनशे जादा फेरे दर मिनिटाला चालूच राहतात, आवाजात आणि डिझेलमध्येही.

३.७३ कागदावर मधलाच दिसतो. सहावा १५३३ म्हणजे किंचित खाली, पाचवा २००२ म्हणजे किंचित वर. तरी बहुतेकांना तोच सुचवतो, कारण लोक एकाच वेगाने टो करत नाहीत. ७० ला ३.७३ सहाव्यात १६५२ वर येतो आणि तिथे गियर सोडत नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असेल तर वेगमर्यादा ५५ मैल आहे. तिथे ३.७३ पाचव्यात १६९४ वर चालतो, टॉर्कच्या शिखराला सहा फेऱ्यांचा फरक. ५५ ला ३.४२ चा सहावा ११९० आणि पाचवा १५५३: दोन्ही भाराला कमी, म्हणजे थोडा चढ आला की चौथा. तुम्ही कुठल्या राज्यात, किती वेगाने ओढता हे न विचारता रेशो सुचवणाऱ्या विक्रेत्याचं फार मनावर घेऊ नका.

चढावर ४.१० जास्त वेगाने जातो, हा समज पक्का रुजलेला आहे. हिशेब करून पाहू. ट्रक आणि ट्रेलर मिळून २०,००० पौंड, ६ टक्के चढ, ताशी ६० मैल. नुसतं गुरुत्वाकर्षण मागे १२०० पौंडांनी ओढतं आणि त्याला हरवायला चाकांवर १९२ अश्वशक्ती लागते. वजन ३०,००० पौंड केलं की २८८. यात हवेचा आणि टायरचा विरोध अजून धरलेला नाही, आणि उंच ट्रेलरला तो भरपूर असतो. ३७० अश्वशक्तीच्या इंजिनातून ट्रान्समिशन आणि ॲक्सलमधलं नुकसान वजा केलं तर तीस हजारांना ६० चा वेग राखणं अवघडच, रेशो कुठलाही असो. चढावरचा टिकणारा वेग अश्वशक्ती ठरवते. रेशो ठरवतो तो एवढाच भाग: ती अश्वशक्ती ज्या आरपीएमला मिळते तिथे एखादा गियर नेमका बसतो की नाही. ६५ ला ४.१० चौथ्यात २६९७ वर आहे, म्हणजे पूर्ण शक्तीच्या अगदी जवळ, ३.४२ चौथ्यात २२५० वर आणि तिसऱ्यात ३१७२ वर, म्हणजे एक फार खाली आणि दुसरा फार वर. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याकडे ७ टक्क्यांच्या चढाने जाताना हा फरक जाणवतो. अशा रस्त्यावर रोजचं काम असेल तर ४.१० ची किंमत वसूल होते. वर्षातून दोनदा जाणार असाल तर उजवी लेन धरा.

जागेवरून उठण्याबद्दलही असंच. टोइंग क्षमता ठरवण्याच्या एसएई जे२८०७ मानकात १२ टक्के चढावर थांबलेला ट्रक पुढे आणि मागे, पाच मिनिटांत पाच-पाच वेळा उठावा लागतो. २०,००० पौंडांना त्या चढावर साधारण २४०० पौंडांचा जोर लागतो. ३३.२ इंची टायरवर तो चाकापाशी ३३२० पाउंड-फूट होतो. ३.४२ आणि पहिला गियर ३.२३ यांचा गुणाकार ११.०५. म्हणजे ट्रान्समिशनच्या तोंडाशी ३०० पाउंड-फूट पुरे, आणि तिथे टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क आणखी वाढवून देत असतो. आजच्या डिझेलला ऑटोमॅटिकबरोबर उठायला त्रास होत नाही. उलट कंपन्या पहिल्या गियरमध्ये टॉर्क मुद्दाम दाबून ठेवतात. क्लचच्या ट्रकचं वेगळं. रॅमचा जुना जी५६ मॅन्युअल घेत असाल आणि ट्रेलर चढावर रिव्हर्समध्ये लावायचा असेल, तर ३.४२ क्लच जाळेल. तिथे ४.१० शोधा.

आता गियरची संख्या. रेशोवरचा बहुतेक सल्ला चार-पाच गियरच्या काळातला आहे आणि तो अजून तसाच फिरतोय. पहिला गियर आणि ॲक्सल यांचा गुणाकार पाहा. जीएमचा जुना ॲलिसन ट्रान्समिशन ३.१० आणि ३.७३: ११.६. ६८आरएफई आणि ४.१०: १३.२. रॅमचाच दुसरा ट्रान्समिशन आयसिन ३.७५ आणि ४.१०: १५.४. फोर्डचा दहा गियरचा ४.६२ आणि नुसता ३.३१: १५.३. म्हणजे ज्या ३.३१ ला लोक नाकं मुरडतात, तो फोर्डमध्ये उठताना आयसिन-४.१० च्या बरोबरीला येतो. आणि दहा गियरमध्ये पायऱ्या जवळजवळ असतात: ६५ ला ३.५५ बरोबर दहावा १४७६, नववा १६०४, आठवा १९८७. फोर्डचा ६.७ लिटर डिझेल २०२० पासून १०५० पाउंड-फूट १६०० आरपीएमला देतो. नववा गियर तिथेच उभा आहे. ३.३१ ला नववा १४९६ आणि आठवा १८५३, तेही चालण्यासारखं. म्हणून दहा गियरमध्ये रेशोवर भांडण्यात अर्थ उरलेला नाही. ड्युअल चाकं आणि पंचवीस हजारांच्या पुढचा गूजनेक (पेटीतल्या गोळ्यावर जोडलेला जड ट्रेलर) असेल तेवढंच ४.१० कडे बघा. रॅमने २०२५ मध्ये डिझेलला आठ गियर दिले, तेव्हा तिथेही जुना सल्ला थोडा पातळ झाला आहे.

ड्युअल चाकांच्या रॅमला टायर लहान असतात, २३५/८०आर१७, व्यास ३१.८ इंच. हाय-आउटपुट इंजिन आणि आयसिनबरोबर ६५ ला सहाव्यात ४.१० चे १७७४ आरपीएम होतात, आणि त्या इंजिनाचा २०२१ पासूनचा १०७५ पाउंड-फूट टॉर्क १८०० ला आहे. हे गणित कारखान्यानेच जुळवलेलं दिसतं. २०२१ च्या रॅम ३५०० साठी जाहीर झालेली ३७,१०० पौंडांची कमाल टोइंग क्षमता याच ४.१० च्या जोडणीची आहे.

उलट मोठे टायर चढवले की रेशो आपोआप उतरतो. ३३.२ च्या जागी ३५ इंची घातले तर ३.७३ चा प्रत्यक्ष परिणाम ३.५४ एवढा राहतो आणि ३.४२ चा ३.२४. ३७ इंची घातले तर ४.१० सुद्धा ३.६८ होतो. ३.४२ वर ३७ इंची टायर घालून वर पंधरा हजारांचा ट्रेलर ओढायचा, ही फरमाईश ट्रान्समिशनवाल्या गॅरेजांचं पोट भरते: सहावा गियर बाद, पाचवा अर्धा बाद, कन्व्हर्टर सारखा लॉक-अनलॉक, आणि कमी आरपीएमवर जास्त भार घेतल्याने एक्झॉस्टचं तापमान चढलेलं.

उताराचा मुद्दा फारसा बोलला जात नाही, पण तो चढाहून महत्त्वाचा आहे. एक्झॉस्ट ब्रेकचा (एक्झॉस्ट अडवून इंजिनानेच ट्रक रोखण्याच्या सोयीचा) जोर आरपीएमबरोबर वाढतो. ताशी ५० मैलांना तिसऱ्यात ३.७३ ला २६६१ आरपीएम, ४.१० ला २९२५ आणि ३.४२ ला २४४०. ३.४२ वाल्याने तोच उतार थोड्या कमी वेगाने, एक गियर खाली घेऊन उतरावा. उतार सुरू व्हायच्या आधी गियर पाडा. वेग हाताबाहेर गेल्यावर ट्रान्समिशन खालचा गियर देणार नाही.

आणि एक गोष्ट रेशोने सुटत नाही: पेलोड, म्हणजे ट्रकवर लादता येणारं वजन. फिफ्थ-व्हीलच्या वजनातलं २० ते २५ टक्के पिनवर, म्हणजे जोडणीतून ट्रकवर येतं. पंधरा हजारांच्या ट्रेलरला ३००० ते ३७५० पौंड. १०,००० पौंड जीव्हीडब्ल्यूआरच्या (भरलेल्या ट्रकच्या वजनाची कमाल मर्यादा) पाऊण टनी डिझेलच्या दारावरच्या पट्टीवर बऱ्याचदा एवढं उरतच नाही, त्यातून हिच आणि माणसं वजा जायची. तिथे ४.१० घेऊन काहीच साधत नाही, एक टनाचा ट्रक लागतो. तसंच नंतर स्वतः गियर बदलून कागदावरची एकत्रित वजनाची मर्यादा वाढत नाही. कंपनीने ती कूलिंग, ॲक्सल, टायर हे सगळं धरून ठरवलेली असते.

नंतर बदलायचंच ठरवलं तर

सामान: दोन्ही ॲक्सलचे क्राउन-पिनियन, पिनियन आणि कॅरियरची सगळी बेअरिंग, सील, शिम (अंतर जमवायच्या पातळ चकत्या), नवी क्रश स्लीव्ह (दबून बेअरिंगचा प्रीलोड ठरवणारी नळी) जिथे असेल तिथे, नवा पिनियन नट, नवे क्राउन बोल्ट, थ्रेडलॉक, मार्किंग पेस्ट, तेल. कॅरियर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) चालतो का ते आधी विचारा. डेना ६० ॲक्सलमध्ये ४.१० पर्यंत एक कॅरियर आणि ४.५६ पासून दुसरा. हे न पाहता सेट मागवला तर काम अर्ध्यावर अडतं. पुढचा आणि मागचा रेशो जुळलाच पाहिजे. ३.५४ आणि ३.५५ एवढा फरक चालतो. ३.७३ आणि ४.१० मिसळून फोर बाय फोर लावलात तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला शक्ती वाटणारा भाग) तुटेल.

जुनी बेअरिंग परत घालणारा मेकॅनिक नको. काम चार गोष्टींवर उभं असतं: पिनियनची खोली, पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब), बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि कॅरियरचा प्रीलोड. आकडे सेटबरोबरच्या कागदावर असतात, तेच धरायचे. पेस्टचा ठसा दाताच्या माथ्याकडे आला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, शिम वाढवा. मुळाकडे आला तर कमी करा. ठसा आतल्या टोकाकडे सरकला तर क्राउन फार जवळ आहे, बॅकलॅश वाढवा. क्रश स्लीव्ह जास्त दाबली गेली तर नट सैल करून प्रीलोड 'जमवायचा' नाही. नवी स्लीव्ह घालायची. हे टाळलं की काही हजार मैलांत पिनियन हलायला लागतो आणि रेस देताना हूं असा आवाज सुरू होतो. प्रीलोड फार घट्ट ठेवला तर आवाज येत नाही, आधी बेअरिंग जळतं.

गियर बसवल्यावर पहिल्या दिवशी ट्रेलर जोडू नका. पंधरा-वीस मैल हलक्या पायाने चालवा, अर्धा तास गार होऊ द्या, असं काही वेळा करा. पाचशे मैलांपर्यंत भार नाही. मग तेल बदला. पहिल्या तेलात बारीक चमचमती भुकटी असणारच, पण तुकडे दिसले तर परत जा. पहिले टो दहा-पंधरा मैलांचे ठेवा आणि मधे थांबून गार होऊ द्या. कामाइतकंच हेही महत्त्वाचं, कारण नव्या दातांचं तापमान पहिल्या भाराला एकदम चढतं.

शेवटी कॉम्प्युटरला नवा रेशो सांगावा लागतो, नाहीतर स्पीडोमीटर, शिफ्टचे क्षण आणि एबीएस सगळं चुकतं. त्यासाठी सॉफ्टवेअर: फोर्डला फोरस्कॅन, रॅमला अल्फाओबीडी; २०१८ पासूनच्या रॅमला सिक्युरिटी गेटवे ओलांडायची जोडणी वेगळी लागते.

वापरलेला ट्रक घेताना विक्रेत्याच्या शब्दावर रेशो मानू नका. जीएममध्ये स्टिकरवर जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. पण तो कारखान्यातला रेशो. मधल्या मालकाने बदलला असेल तर स्टिकर तेच राहतं. खात्री हवी असेल तर पुढची चाकं अडवून मागची दोन्ही उचला, ट्रान्समिशन न्यूट्रलमध्ये टाका, शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरत असतील तर एका फेऱ्यात शाफ्टचे फेरे मोजा. साधा डिफरन्शियल असेल आणि दुसरं चाक उलट फिरत असेल तर ते धरून ठेवा आणि पहिल्याचे दोन फेरे मोजा. चाराहून किंचित जास्त म्हणजे ४.१०, पावणेचाराला जवळजवळ म्हणजे ३.७३, साडेतीनच्या आत म्हणजे ३.४२. मागून मोजलं की पुढच्या ॲक्सलचंही तसंच मोजा. मागचा बदलून पुढचा तसाच ठेवलेले ट्रक बाजारात येतात.